आईची मोटार आणि आमचे सीटमेकर चाचा

मोटार चालवणारे पुण्यात लाखो असतील, दुरुस्त करणारे हजारो असतील, आणि मोटारीवर नुसतं बोलणारे तर घरटी एक आहेत. पण मोटारीत बसावं कसं हे ज्याला कळलं असा माणूस या शहरात एकच होऊन गेला, असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. हा माणूस म्हणजे नाना पेठेतले आमचे सीटमेकर चाचा. गाड्यांची सीटं शिवणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. गंमत अशी की चाचांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. लायसन नव्हतं आणि काढायची इच्छाही नव्हती. जन्मभर सायकलवर हिंडले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चालवायला काय, कुणीही चालवतं. बसतं कोण?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते स्कूटरचं फाटकं सीट काखोटीला मारून. नुकताच बँकेत लागलो होतो, त्यामुळे अंगात जरा मस्ती होती. "संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" असं मी घड्याळ बघत विचारलं. चाचांनी मान वर केली नाही. "संध्याकाळीच मिळेल. कोणत्या महिन्यातल्या, ते मात्र आज सांगता येणार नाही." मी म्हटलं, अहो, मग मी तोवर स्कूटर चालवू कशी? तर म्हणाले, "उभ्यानं चालवा. तरुण आहात." एवढं झाल्यावर त्यांनी माझं सीट हातात घेतलं, अंगठ्यानं दोन-चार ठिकाणी दाबलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाकीट डाव्या खिशात ठेवता. पुढे सरकून बसता. नोकरीत मन नाही आपलं." आता हे मी माझ्या बापालाही सांगितलं नव्हतं! मी सीट तिथेच टाकलं आणि वर चहाही मागवला. पुढची वीस वर्षं मी या ना त्या निमित्तानं त्या दुकानात जाऊन बसत राहिलो, आणि दर रविवारी चाचा आमच्या घरी चहाला येत राहिले.

त्यांचं मराठी असं की आमच्या मास्तरांनी पुढे बसून शिकावं. ळ म्हणजे ळ आणि ण म्हणजे ण. एकदा एक नवे आलेले साहेब दुकानात कौतुकानं म्हणाले, "चाचा, तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" चाचांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "आमच्या सात पिढ्या याच मातीत झोपल्यात. आपलं पुण्यात कधी येणं झालं?" साहेब पुन्हा दिसले नाहीत. चाचांचा राग वाढला की आवाज चढायचा नाही, आदर चढायचा. 'तुम्ही'चं 'आपण' झालं की समजायचं, ढग आले. 'आपण जरा बाजूला उभे राहण्याची कृपा कराल का' असं म्हणाले की शहाण्यानं चपला घालाव्यात.

चाचांनी माणसं पारखायची ती त्यांच्या बसायच्या जागेवरून. कुणाच्या घरी गेले की आधी खुर्ची उलटी. डॉक्टरकडे गेले तर तपासणीच्या टेबलावर आडवं व्हायच्या आधी त्याची गादी तपासणार. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही मुलाकडे गेलो तेव्हा बाबांनी त्यांना मोठ्या विश्वासानं बरोबर नेलं. पोहे आले, ओळखी झाल्या, मुलाचे वडील घराण्याची थोरवी सांगू लागले, आणि इकडे चाचांचा उजवा हात सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत गेलेला! मुलाच्या आईचा चेहरा असा झाला की काही विचारू नका. बाहेर आल्यावर जिन्यातच चाचांनी निकाल दिला, "वर रेक्झिन नवं, आत काथ्या जुना. मुलगी देऊ नका." आम्ही दिली. तिचा संसार उत्तम चालला आहे, दोन मुलं आहेत, जावई हिऱ्यासारखा आहे. पण चाचांनी आपलं मत बदललं म्हणून बदललं नाही. दर दिवाळीला जावयाची चौकशी करायचे आणि सुस्कारा टाकून म्हणायचे, "बघू. अजून वेळ गेलेली नाही."

आता आईच्या मोटारीकडे येतो, कारण हा विक्षिप्त माणूस खरा केवढा आहे ते मला तिच्यापायी कळलं. आई पाच वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यांना ती दादा म्हणायची. वर्षाच्या आत आजी, म्हणजे तिची आईही गेली आणि आई काकांकडे वाढली. त्या घरात सगळे मास्तर आणि कारकून, झालंच तर एक वकील. वडिलांचं म्हणून आईपाशी दोनच गोष्टी होत्या, एक फोटो आणि एक आठवण. फोटोत दादा, आजी आणि फ्रॉकातली आई एका मोटारीशेजारी उभे आहेत आणि मोटारीचं पुढचं दार उघडं आहे. पानशेतचं पाणी काकांच्या घरात शिरलं तेव्हा फोटोची खालची पट्टी विरघळून गेली आणि तिच्याबरोबर गाडीचा नंबरही गेला. आठवण अशी की दादा ती मोटार चालवताहेत, आणि आई त्यांच्या शेजारी बसली आहे. बस्, एवढीच.

"आमच्या दादांची मोटार होती," असं ती लहानपणी एकदा पंक्तीत म्हणाली, तर काकांनी चारचौघांत तिला झापलं. "कसली मोटार? कुणाची तरी रस्त्यात उभी होती, फोटोवाल्यानं तिच्यापुढे उभं केलं. तुझा बाप सायकलवरून जायचा!" झालं, चुलत भावंडांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. आई लग्न होऊन आमच्याकडे आली तर तिच्याआधी ही गोष्ट सासरी पोचलेली. घरात कुणी फुशारकी मारली की "निघाली मोटार!" म्हणायची आमच्याकडे पद्धतच पडली. बाबा म्हणायचे, आत्या म्हणायची, आणि सांगायला लाज वाटते, मीही म्हणायचो. आई रागवायची नाही. पोळी लाटता लाटता एवढंच म्हणायची, "मी बसलेय तिच्यात." आयुष्यभर आपल्याच घरात खोटं ठरणं म्हणजे काय असतं, याचा विचार आम्ही कुणी कधी केला नाही.

एका रविवारी बाबांनी कशावरून तरी "निघाली मोटार!" म्हटलं आणि चाचांनी कप खाली ठेवला. "कोणती मोटार?" आईनं फोटो आणून दिला. चाचांनी खिशातून भिंग काढलं आणि इतका वेळ बघत राहिले की चहावर साय धरली. "गाडी हिलमन," ते म्हणाले, "पण ते कुणीही सांगेल. तशा बऱ्याच होत्या पुण्यात. ही कोणती, ते बघायचं." बाबा हसून म्हणाले, "अहो चाचा, पण ती आमच्या सासऱ्यांची नव्हतीच हो!" "आपण चहा घ्या," चाचा म्हणाले. बाबांनी मुकाट्यानं चहा घेतला.

मग चाचा आईला म्हणाले, "ताई, या उघड्या दारातून सीटची कड दिसतेय. टाका दुहेरी आहे, आणि कोपऱ्यावर येऊन गाठ आत वळवलीय. पुण्यात असा टाका एकच माणूस घालायचा. माझे अब्बा." मी म्हटलं, चाचा, काहीतरीच काय, एवढ्याशा जुन्या फोटोत टाका ओळखू येतो होय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टुलावरून उठलोच. "आपल्या वडिलांचं अक्षर आपण ओळखता ना?" मग पुन्हा आईकडे वळून म्हणाले, "गाडी हयात असेल तर मी शोधतो. पण एक आधीच सांगून ठेवतो. गाडी आपली नव्हती असं निघालं, तर तेही तोंडावर सांगेन. मला गोड बोलता येत नाही." आईनं पदराला हात पुसले. "चालेल," ती म्हणाली. 

त्यानंतर चाचांनी एक वर्ष नाना पेठेला, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या पुण्याला, सळो की पळो करून सोडलं. जुनी गाडी दिसली रे दिसली की सायकल भिंतीला लावायची, मालकाची परवानगी मागायची, आणि ती मिळायच्या आत मागच्या सीटवर जाऊन बसायचं. डोळे मिटायचे, हात फटीत घालायचा आणि कोपऱ्यातली गाठ चाचपायची. येरवड्याला एका लग्नात नवरदेवासाठी जुनी हिलमन भाड्यानं आणलेली. वरात निघण्याच्या बेतात असताना चाचा एका दारानं आत शिरले आणि त्यांचा हात गेला तो थेट नवरदेवाच्या खाली! नवरदेव बाशिंगासकट दुसऱ्या दारानं बाहेर. वरमाय किंचाळली, बँड थांबला, दोन मामांनी चाचांची कॉलर धरली. चाचा शांतपणे म्हणाले, "माफ करा, ही ती नव्हे. शिलाई यंत्राची आहे. आपली फसवणूक झाली आहे." त्यांना सोडवायला मी बँकेतून रजा टाकून गेलो. आई मात्र हे ऐकून अनेक वर्षांनी खदखदून हसली.

शेवटी टॅक्सी स्टँडवरच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं धागा दिला. धान्याच्या एका बड्या व्यापाऱ्याकडे अशी एक हिलमन होती आणि ती पुढे वाघोलीच्या शेतकऱ्याला विकली गेली होती. दुसऱ्याच दिवशी चाचा, आई आणि मी रिक्षानं वाघोलीला निघालो. रिक्षात बसायच्या आधी चाचांनी रिक्षाचं सीट दाबून बघितलं आणि रिक्षावाल्याला "देव आपलं भलं करो" असं म्हणाले.  गाडी व्यापाऱ्याची, म्हणजे दादांची नव्हे, हे आईला कळत होतंच. वाटेत एकदाच म्हणाली, "दादांनी त्यांना विकली असेल, नाही का रे?" मी हो म्हटलं. चाचा बाहेर बघत बसले.

वाघोलीत त्या शेतकऱ्याच्या नातवाचा तीन मजली बंगला होता. जमिनीवर सोसायट्या उठल्या होत्या, दारात दोन नव्या कोऱ्या गाड्या होत्या, पण मागचा गोठा शाबूत होता. "हाय की गाडी," तो म्हणाला. "आमच्या आज्यानं घेतली. इंजान काढून हिरीवर बसवलं, बाकी ऱ्हायलं तसंच. आज्जी कुणाला हात लावू देईना. कोंबड्या तिथंच अंडी घालत्यात." खरंच, कोंबड्या अंडी घालत होत्या. आईनं पिशवीतून फोटो काढला आणि एकदा फोटोकडे, एकदा गाडीकडे बघत तशीच उभी राहिली. चाचांनी दोन कोंबड्यांना अदबीनं बाजूला केलं, आत बसले आणि कोपरा चाचपला. बराच वेळ डोळे उघडले नाहीत. "अब्बा," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली. बिस्मिल्ला म्हणून बापाच्या हाताचे चार टाके उसवले, मागच्या सीटचं रेक्झिन उलटं केलं, आणि खालच्या गोणपाटावर फुंकर मारली. न पुसणाऱ्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, 'दिनूभाऊ'. आईनं माझा दंड असा धरला की वळ उठले. दिनकर हे दादांचं नाव. "बघ!" ती ओरडलीच. "बघ, दादांचं नाव! त्यांचीच मोटार! सांग आता तुझ्या बाबांना, सांग सगळ्यांना!" रडत होती, हसत होती. मलाही भरून आलं. नातवाची बायको पाणी घेऊन धावली. एकटे चाचा कात्री पुसत उभे होते.

मला त्या क्षणी वाटलं, चाचा, आज काही बोलू नका. पाया पडतो, पण एकदाच गोड बोला! पण तो माणूस नव्हता तसा. "ताई," ते म्हणाले, "गाडीचा मालक सीटमेकरला कधी दिसत नाही. गाडी टाकायला येतो ड्रायव्हर आणि न्यायलाही येतो ड्रायव्हर. एका वेळी पाच-सहा गाड्यांची सीटं दुकानात पडलेली असायची, ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अब्बा खाली नाव लिहायचे. ते ड्रायव्हरचं. मालकाचं त्यांनी कधीच लिहिलं नाही. ही गाडी व्यापाऱ्याची होती. आपले वडील ती चालवायचे."

आईचा हात माझ्या दंडावरून गळून पडला.  मला चाचांचा असा संताप आला की विचारू नका. पण ते आमच्याकडे बघतच नव्हते. पुढचं दार उघडून ते ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपाशी वाकले होते. एकदा हे सीट दाबत होते, एकदा ते. "ही दोन सारखी नाहीत," ते पुटपुटले. "अब्बांच्या हातून असं होणार नाही." कात्री पुन्हा चालली. त्या सीटखालच्या गोणपाटावर नुसतं नाव नव्हतं. चाचांनी भिंग लावलं, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "तू वाच रे." चाचांनी मला 'तू' म्हटल्याचं मला आठवत नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. मी वाचलं. 'दिनूभाऊ. पुढची डावी दोन बोटं उंच भरणे. बेबीला रस्ता दिसत नाही.'

आईचं लहानपणीचं नाव बेबी. दादा आणि आजी गेल्यानंतर तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

चाचांनी रेक्झिन खाली दाबलं, आपल्या रुमालानं ते सीट झटकलं, आणि दार धरून उभे राहिले. "बसा ताई. गाडी व्यापाऱ्याची असेल. ही जागा आपली आहे. माप घेतल्याशिवाय अब्बा भरणी करत नसत, म्हणजे त्यांनी आपल्याला इथे बसवून बघितलं असणार." आई बसली. पन्नाशी उलटलेली बाई, पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, ताठ बसली. समोर काचेपलीकडे कडब्याची गंजी होती, दुसरं काही नव्हतं. "दिसतोय का रस्ता?" चाचांनी विचारलं. "दिसतोय," आई म्हणाली.

परत आल्यावर आईनं आपल्या म्हाताऱ्या काकूंना गाठलं. नव्वदीच्या काकू आधी कानावर हात ठेवून बसल्या, मग एकदम म्हणाल्या, "अगं, तुझं लग्न जमवायचं होतं आम्हाला! ड्रायव्हरची मुलगी म्हटल्यावर त्या काळात आपल्यातलं कुणी केलं असतं का? हे म्हणाले, पोरगी खोटारडी ठरली तरी चालेल, पण हे बाहेर पडता कामा नये." सगळ्या मास्तर-कारकुनांच्या घरात एक भाऊ मोटार चालवतो, याची त्यांना लाज वाटली होती. आईनं काकूंना वाकून नमस्कार केला आणि घरी आली. त्या दिवसापासून आमच्याकडे 'निघाली मोटार' बंद झालं. बाबांनी स्वतःहून बंद केलं.

वाघोलीच्या त्या नातवानं पुढे हौसेनं गाडी नीट करायला घेतली आणि सीटं चाचांकडेच पाठवली. सगळी नवी झाली, एक सोडून. "दोन्ही एका लेव्हलला करा की," तो म्हणाला, तर चाचांनी त्याला विचारलं, "आपण कधी अब्बांपेक्षा मोठे झालात?" ते त्यांचं शेवटचं मोठं काम. नंतर डोळ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं, आणि एका उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांना मातीत ठेवलं तेव्हा मूठभर माती टाकायला मी होतो. आई दोन दिवस जेवली नाही.

आई आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. लग्नकार्यात नव्या ओळखी होतात, बायका आपापल्या माहेरच्या थोरवीची पानं उलगडतात, कुणाचे वडील प्राचार्य, कुणाचे वकील. मग कुणीतरी आईला विचारतं, तुमचे वडील काय करायचे हो? आई मान ताठ करते आणि म्हणते, "ड्रायव्हर होते." आणि ते अशा थाटात म्हणते, की समोरच्या बाईला आपल्या वडिलांनी आयुष्यभर नुसतीच वकिली केली याची लाज वाटावी. माझा ऊर भरून येतो. फक्त हे ऐकायला चाचा राहिले नाहीत, याचं फार वाईट वाटतं.